चौदा पाय, दोन शेपट्या

अहो, नाही नाही, फोन ठेवा तो, अँब्युलन्स कशाला — पडलेले नाहीत ते, पालथे झोपलेत. म्हणजे झोपलेलेही नाहीत, बघतायत. काय बघतायत? किडे. हो, किडेच. आमचे हे आहेत ते — नवरा, नवरा माझा. तो डावा पाय हलतोय बघा, आनंद झाला की हलतो तो, त्या ओंडक्याखाली काहीतरी सापडलेलं दिसतंय. बसा तुम्ही, केवढ्या धापा टाकताय, पाठीवर एवढं ओझं घेऊन धावत आलात बिचाऱ्या. पाणी घ्या. नाही, उष्टं नाहीये. तुमच्यासारखं कुणी ना कुणी धावत येतंच हो — मागे एक गृहस्थ आले ते थेट यांच्या पाठीवरच बसले, छाती दाबायला! छाती खालच्या बाजूला होती, पण त्यांना वाटलं असेल पाठीवरून दाबली तरी पोचेल. आणि हे खालून ओरडतायत, "चिरडतील, अहो चिरडतील!" — त्या गृहस्थांना वाटलं बरगड्यांबद्दल चाललंय. कसल्या बरगड्या! यांना खालच्या किड्यांची काळजी. तेव्हापासून मी या बाकावर राखणीला बसते. विणकाम आणते, पण होत नाही, येणाऱ्या-जाणाऱ्यांना समजावण्यातच वेळ जातो.

काय म्हणालीस? थांब हं, माझं होऊ दे — तुला अगं-तुगं केलं तर चालेल ना? माझ्या मुलीपेक्षाही लहान दिसतेस. तर कसले किडे विचारशील. तू पाहिलेले आहेत. न्हाणीघरात ओलं पायपुसणं उचललं की खालून राखाडी, चपटं, तुरुतुरु काहीतरी पळतं ना, तेच. लोक म्हणतात झुरळाचं पिल्लू. हे ऐकलं की आमच्या ह्यांचं डोकं फिरतं. "झुरळाला पाय किती? सहा! याला किती? चौदा!" — भर लग्नात एका म्हाताऱ्या आजोबांना सुनावलंय त्यांनी, जेवताना, ताटावर. चौदा पाय, सात जोड्या, आणि सगळे एकसारखे, म्हणून यांच्या जातीला 'समपाद' म्हणायचं. कीटकात मोडतच नाहीत हे. खेकडा-कोळंबीचे भाऊबंद. समुद्रातनं कधीतरी बाहेर आले, पण ओलाव्याची सवय काही सुटली नाही, कोरड्यात ठेवलं की जीव जातो. मी म्हटलं, मग माझ्या माहेरच्यांसारखेच की, घाम आल्याशिवाय बरं वाटत नाही. हसले नाहीत. किड्यांवर विनोद केलेला चालत नाही.

आता तुला वाटेल, माणूस प्राध्यापक असणार. छे गं! घड्याळं दुरुस्त करायचे. मोठ्या चौकात दुकान होतं आमचं, एवढंसं, खुर्ची मागे सरकवली की भिंतीला लागायची. लोक लांबून घड्याळं घेऊन यायचे, हात असा स्थिर, डोळ्याला ते काळं भिंग लावलं की जगाचा विसर. मग एक दिवस म्हणाले, कंटाळा आला, दुकान बंद करतो. कंटाळा! ज्या माणसाला मी कधी सुट्टी घ्यायला लावू शकले नाही, त्याला कंटाळा. आणि हे घरी बसले. आणि खरं सांगू का, घरी बसल्यावर आमच्या लक्षात आलं की आम्हाला एकमेकांशी बोलायला काही नाहीच. इतकी वर्षं दुकान बोलायचं — आज कोण आलं, कुणाचं घड्याळ पाण्यात पडलं. आता काय? दूध आलं का. आलं. दार लावलंस का. लावलं. संपलं. मग ते खिडकीत बसायचे, मी स्वयंपाकघरात बसायची, आणि मध्ये भिंतीवरची घड्याळं टकटक करायची, त्यांचंच काय ते बोलणं.

आणि एका सकाळी मी न्हाणीघरात पायपुसणं उचललं आणि किंचाळले. हे चप्पल घेऊन धावत आले. चप्पल उगारलेली, मारणार, आणि सवयीनं दुसऱ्या हातानं खिशातलं भिंग काढून डोळ्याला लावलं. हात तसाच वर. मी म्हटलं, अहो मारा ना! तर म्हणाले, "अगं, हे पत्र्या-पत्र्यांचं आहे." म्हणजे काय? "एकावर एक पत्रे चढवलेत. बघ, पुढच्या पत्र्याची कड मागच्यावर. कुठे अडकत नाही, कुठे घासत नाही. एवढं सुबक काम मी कुणाच्या हातचं पाहिलेलं नाही." आणि चप्पल खाली ठेवून न्हाणीघरातच मांडी घालून बसले. ओल्यात. मला म्हणाले, तू पण बस. बसले. तेव्हापासून बसलेच आहे बघ.

थांब, थांब, सांगते ना, तुझा प्रश्न लक्षात आहे माझ्या — ओळखायचे कसे, हेच ना? नाही? बरं, पण तेच सांगते. पहिली गोष्ट, हात लावायचा. पक्की गोळी झाली, वाटाण्यासारखी, तर तो गोळीवाला. त्याला मागे शेपट्या दिसत नाहीत, शेवट कसा गोल, कापून घासल्यासारखा. गोळी न होता नुसता पळाला किंवा दगडाला चिकटून बसला, तर मागे बघायचं, दोन बारीक टोकं बाहेर आलेली असतात, दोन शेपट्याच म्हण. मग पाठीवरनं बोट फिरवायचं. खरखरीत लागली, बारीक बारीक पुटकुळ्यांची, तर एक जात. गुळगुळीत, चकचकीत, कडेनं फिकट, तर दुसरी. तरी शंका राहिली तर मिशी बघायची. मिशीच्या टोकाला शेवटचे तुकडे किती? दोन असले की खरखरीत, तीन असले की चकचकीत. आणि एक आहे लाजरा, निमुळता, पाठीकडून शेपटीकडे येताना एकदम अरुंद होतो, पायरी पडल्यासारखा — तो पळतो म्हणजे किती पळतो! आमच्या जावयासारखा, सासू आली रे आली की मागच्या दारानं.

चुका झाल्या ना, नाही कशा? पहिल्याच महिन्यात ह्यांनी नवी जात शोधली होती. मागचा अर्धा भाग पांढरट, पुढचा अर्धा राखाडी. घरभर नाचले. मुलीला फोन केला, तिच्या सासूला फोन केला, ज्यांच्याकडून दूध घेतो त्यांना सांगितलं. नंतर वाचनालयातल्या पुस्तकात सापडलं, हा प्राणी कातच मुळी अर्धी अर्धी टाकतो — आधी मागची, मग दोन-चार दिवसांनी पुढची. म्हणजे नवी जात नव्हती, कपडे बदलताना मध्येच पकडला होता बिचाऱ्याला. त्या दिवशी जेवले नाहीत. मी म्हटलं, अहो, तुम्ही सदरा घालत असताना कुणी दार उघडलं तर तुम्ही नवी जात होता का? तेव्हा हसले. बऱ्याच वर्षांनी हसले असे, दात दिसेपर्यंत.

नाही, घाई कसली, बस की. मुलीला हे पसंत नाही. तिला वाटतं बाबांचं डोकं फिरलं. फ्रिजमध्ये तिला एक डबी सापडली, कुरवड्यांची समजून उघडली तिनं — जाऊ दे. मी तिला सांगते, डोकं ठणठणीत आहे त्यांचं. डोकं नाही गं गेलेलं...

काही नाही. सहज म्हटलं.

बरं, आता बोललेच आहे तर ऐक. तू कुणाला सांगणार आहेस, तू वाटसरू, आत्ता उठून जाशील. त्यांना दिसत नाही. म्हणजे अगदीच नाही असं नाही, उजेड दिसतो, माणूस दिसतो, मी दिसते — मी जाडजूड आहे. बारीक दिसत नाही. मोतीबिंदू पिकलाय, दोन्हीकडचा. दुकान त्यापायीच बंद केलं, कंटाळा कसला न् काय. तेव्हा भिंगातनं थोडंफार तरी दिसायचं, आता तेही नाही. मला कधी कळलं सांगू? जावई जेवायला आले होते. ह्यांनी तळहातावर गोळीवाला घेतला आणि त्याला समजावून सांगायला लागले — हे बघा जावईबापू, ही पाठ, हे पत्रे, आता जरा शांत बसा, भीती गेली की उघडेल. जावई बघतोय. हे बघतायत. मुलगी घड्याळात बघतेय. मी वाढायला वाकले आणि पाहिलं — मिरी. मिरीचा दाणा होता गं, ताटातनं उडालेला! आणि जावयाला कळलेलं. नक्की कळलेलं, कान लाल झाले होते त्याचे. पण काय गुणी पोरगा बघ, म्हणाला, "लाजतोय वाटतं, बाबा." मी पटकन उचलला तो, म्हटलं त्याला ओलं हवं असेल, आत ठेवते. आणि आत जाऊन ओट्याशी उभी राहिले, मिरी मुठीत धरून. हसावं की रडावं तेच कळेना.

तेव्हापासून आमची वाटणी ठरली. ठरली म्हणजे कुणी बोललं नाही. ते बोटांनी बघतात, मी डोळ्यांनी. खरखरीत का गुळगुळीत, गोळी झाली का नाही, शेपट्या टोचतात का, हे त्यांच्या बोटाला माझ्या डोळ्यांच्या आधी कळतं. घड्याळवाल्याचं बोट आहे ते. आणि मिशीचे तुकडे, पाय, पोटाखालचे पांढरे डाग, हे मी बघते. ते विचारतात, "तुला काय वाटतं, दोन का तीन?" — जसं काही त्यांना दिसलंय आणि माझी परीक्षा घेतायत. मी म्हणते, दोन वाटतात बाई मला. ते म्हणतात, "बरोबर, दोनच आहेत." मास्तर आणि विद्यार्थिनी! आणि ही विद्यार्थिनी गुपचूप वाचनालयात जाऊन पुस्तकं वाचून येते, न्हाणीघरात दिवा लावून बसते, आणि खोटं कशाला बोलू, मला आता त्यांच्यापेक्षा जास्त येतं. त्यांना नको सांगूस.

ऑपरेशन? अगं, मोतीबिंदूचं आजकाल लोक सकाळी करतात आणि दुपारी घरी येतात, मुलगी डोकं आपटून सांगते. हे ऐकत नाहीत. डोळे ठणठणीत आहेत म्हणतात. पण एकदा, भांडणानंतर, अंधारात बोलले — "मी जन्मभर बारीक काम केलंय. हात कितीही चांगला असला तरी एखादं बिघडतंच. माझ्या हातून बिघडलंय. आणि ते नुसतं घड्याळ होतं."

आणि आज बघ काय होऊन बसलंय. सांगते. गेल्या आठवड्यात याच ओंडक्याखाली ह्यांना एक गोळी सापडली. काळी कुळकुळीत, आरशासारखी, नेहमीच्यापेक्षा मोठी. बोट फिरवलं आणि चेहराच बदलला त्यांचा. "अगं, ही आपल्यातली नाही. हा पत्रा बघ केवढा रुंद!" घरी आणली, ओल्या पानांवर ठेवली, आणि आम्ही दोघं समोर बसलो, उघडेल म्हणून. उघडेचना. मग हे म्हणाले, मी चहा टाकतो. चहा टाकायला गेले आणि ती उघडली. हळूहळू, कडेकडेनं, आणि पाय बाहेर आले. आणि येतच राहिले! एकेका पत्र्याखाली दोन-दोन जोड्या! समपाद कुठला गं, चौदाचा कुठे पत्ताच नाही — तो पैसा किडा असतो ना, हात लावला की वेटोळं करून पैशासारखा गोल होतो, त्यातलाच कुणी गोळी होणारा. नक्कल केल्यासारखा हुबेहूब, पण जात साफ वेगळी. मी बघतेय तोवर मिटली. आणि हे चहाचे कप घेऊन आले, दारातनंच विचारलं, "उघडली का?" काय चेहरा होता गं तो. गाळणीतनं सांडलेला चहा सदऱ्यावर, आणि असा चेहरा. मी म्हटलं, नाही. अजून नाही.

मला वाटलं उद्या सांगू. तर दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला काही न विचारता संग्रहालयात फोन लावला! तिथल्या कुणी बाई आहेत म्हणे, याच किड्यांतल्या तज्ज्ञ, परगावी असतात, पुस्तकं लिहिलीत. त्यांना सांगितलं, नवीन समपाद सापडलाय, या आणि बघा. आणि त्या बाई यायला तयार! आज येतायत. आत्ता, इथे, याच बागेत. म्हणून तर हे पालथे पडलेत, अजून एक नमुना मिळावा म्हणून. मी सकाळपासून पाहतेय, पांढऱ्या केसांची, जाड चष्म्याची, करड्या साडीतली कुणी बाई येतेय का. आली की तिला बाजूला घेऊन सांगणार होते, बाई गं, जरा जपून बोल. नाही तर ती म्हणणार, आजोबा, पाय मोजले नाहीत का? आणि मोजायला दिसलं पाहिजे ना. सगळ्या बागेसमोर उघडं पडेल. मिरीपर्यंत ठीक होतं गं, घरातलं होतं. हे चारचौघांतलं.

ए, हलू नकोस, तुझ्या बाहीवर एक चढलाय. घाबरू नको, चावत नाही, झटकून — अगं! हातात घेतलास? आणि उलटा केलास? सरळ उलटाच केलास. मागची टोकं बघितलीस, मग मिशी.

कुणी असं करत नाही. सगळे आधी किंचाळतात. मी किंचाळले होते.

तुम्ही... बाई, तुम्ही त्याच का? संग्रहालयाच्या? मघापासून हेच सांगायचा प्रयत्न करत होतात? अगं आई गं. आणि मी तुम्हाला अगं-तुगं — मॅडम, माफ करा हं, तुमच्या पायात धावायचे बूट, आणि वय असं कोवळं, मला वाटलं — आणि मी तुम्हालाच मिशीचे तुकडे शिकवले! हसू नका हो. मी काय काय बोलले? मिरीचं बोलले का? जावयाचे लाल कान पण? अरे देवा. बरं, ही घ्या डबी. पिशवीत आहे माझ्या, विणकामाखाली. नमुना. उघडून बघा तुम्हीच... बंद आहे ना? तशी बंद असली तरी कळतं म्हणता? हा पुढचा पत्रा? कॉलरसारखा, आणि मागे एकच मोठा, बारीक तुकडे नाहीतच. खरंच की. बंद असताना सुद्धा कळत होतं आणि मी मूर्खासारखी उघडायची वाट बघत बसले! म्हणजे पैसा किडाच. शंका नाही. हं. मला माहीतच होतं.

ऐका मॅडम, एक करा. खोटं बोला असं मी म्हणत नाही, ते त्यांना चालायचं नाही, लगेच ओळखतील. फक्त हळू सांगा. आधी म्हणा की छान आहे, मग म्हणा चमकदार आहे, मग जरा बसा, चहा-बिहा घ्या, मग म्हणा की — आणि दिसण्याचं काही काढू नका, मोतीबिंदूचं तर —

काय? कोण ओरडलं? हे?

काय हो? काय म्हणालात?... नाही, मी कुठे मोठ्यानं बोलतेय, मी हळूच — सगळं? सगळं म्हणजे कुठपासून?... पाठीवर बसलेल्या गृहस्थांपासून.

मॅडम, त्यांना सगळं ऐकू आलंय.

नका, तुम्ही नका उठू, थांबा जरा. ते उठतायत. गुडघ्यावर बसलेत. आता चिडतील. अशी मान खाली घातली ना की मग दोन दिवस बोलत नाहीत, मला माहीत आहे, दूध आलं का, आलं, तेवढंच. किती वाईट बोलले मी, बागेत बसून नवऱ्याच्या डोळ्यांचा विषय काढला — काय? अहो, काय म्हणताय, नीट बोला, माती आहे तोंडाला तुमच्या, पुसा आधी!

विचारतायत, जोड्या किती?

एकेका पत्र्याखाली दोन, अहो! दोन-दोन! हो, मी पाहिल्या, तुम्ही चहा टाकत होतात तेव्हा!... एकूण? एकूण नाही मोजल्या, मिटली ती!... नाही, चिडू नका, मी काय तुमच्यासारखी —

अगं बाई.

ऐकलंत, मॅडम? नाही ऐकलं? वारा आलाय तिकडनं. म्हणतायत, "तुझ्या मोजण्यावर आता भरवसा नाही. मुलीला फोन कर, म्हणावं डॉक्टरची वेळ घे. स्वतः मोजीन." स्वतः मोजीन म्हणे! मुलगी हात जोडून थकली, मी रडून थकले, आणि —

नाही, रडत नाहीये मी, डोळ्यात काहीतरी गेलंय. तुम्ही जा बघू आता तिकडे, हात करतायत तुम्हाला, डबी घेऊन जा, आणि त्यांना तो कॉलरचा पत्रा बोटाला लावून द्या, समजेल त्यांना लगेच. जा, माझ्याकडे काय बघताय, जा ना. आणि पाऊल जपून टाका, ओंडक्याच्या डाव्या अंगाला ओल आहे, तिथे पिल्लंवाली आहे एक, पांढरी पांढरी बारीक पिल्लं, त्यांना सुरुवातीला पाय बाराच असतात. जा.